लिलाव जिंकलात, आता पैसे कसे द्याल? ऑनलाइन बोलीतल्या या चुका टाळा

इंदुरात जुन्या नाण्यांचा नाद असलेली मराठी घरं कमी नाहीत. मल्हारनगर टांकसाळीचे सूर्यमुखी रुपये, महेश्वरचे शिवलिंग आणि बिल्वपत्र असलेले अहिल्याबाईंच्या काळातले रुपये, यशवंतराव होळकर दुसरे यांची छबी असलेला 1935 चा तांब्याचा अर्धा आणा. हे सगळं पूर्वी सराफ्यात नाहीतर ओळखीच्या संग्राहकाच्या घरी बघायला मिळायचं. आता लिलाव फोनवर होतात आणि रामबागेत बसून कुठल्याही शहरातल्या नाण्यावर बोली लावता येते. नाणं अस्सल की नक्कल, यावर आपली मंडळी तासन्‌तास बोलतात. पैसे कुठल्या मार्गाने द्यायचे, याचा विचार मात्र बोली जिंकल्यावर सुरू होतो. माझ्या पाहण्यातली बहुतेक फसवणूक तिथेच झाली आहे, नाण्याच्या खरेखोटेपणात नाही.

जिंकल्याचा आनंद असतो, मुदतीचं घड्याळ चालू असतं आणि समोरचा घाई करत असतो. म्हणून एक प्रश्न बोली लावण्याआधीच स्वतःला विचारा: माल कुरिअरमध्ये असताना माझे पैसे कुणाकडे असतील? लिलावगृहाकडे, कार्डाच्या व्यवस्थेत, की थेट एका अनोळखी माणसाच्या खात्यात? उत्तर तिसरं असेल, तर बोली लावू नका.

मर्यादा न बघता बोली लावणं

फसवणूक नसतानाही मनस्ताप होतो तो इथे. हातोडा पडला ती किंमत शेवटची नसते. तिच्यावर लिलावगृहाचं कमिशन, जीएसटी, पाठवणीचा खर्च आणि विमा चढतो. नियमांच्या पानावर हे लिहिलेलं असतं, पण वाचतं कोण! वीस हजारांची तयारी ठेवून बसलेल्या माणसाला बिल आलं की धक्का बसतो.

दुसरी अडचण बँकेच्या मर्यादांची. यूपीआयने एका व्यक्तीला साधारणपणे 1 लाखापर्यंतच पाठवता येतात, आणि यूपीआय नव्याने सुरू केलं असेल तर पहिल्या 24 तासांत फक्त 5,000. नेट बँकिंगमध्ये नवीन खातं जोडलं की बऱ्याच बँका काही तास मोठी रक्कम जाऊ देत नाहीत. लिलाव रविवारी रात्री संपला म्हणून घाबरू नका. एनईएफटी 16 डिसेंबर 2019 पासून आणि आरटीजीएस 14 डिसेंबर 2020 पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालू आहे. फक्त आरटीजीएस 2 लाखांपासून पुढेच होतं आणि एनईएफटी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या टप्प्यांनी जातं. त्यामुळे मुदत संपायला दहा मिनिटं उरली असताना एनईएफटी करू नये.

परदेशी लिलावात बोली लावायची असेल तर कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी चालू करून घ्या, ते मुळात बंद असतात. ईबेची भारतातली साइट ऑगस्ट 2018 मध्येच बंद झाली आणि पेपालने 1 एप्रिल 2021 पासून देशांतर्गत पेमेंट थांबवलं. त्यामुळे इंदूरचाच विक्रेता इंदूरच्याच माणसाकडे पेपालने पैसे मागत असेल, तर काहीतरी काळंबेरं आहे.

सगळे पैसे सारखेच परत मिळतात, असं समजणं

यूपीआयने एखाद्या व्यक्तीला पाठवलेले पैसे म्हणजे हातात दिलेल्या नोटा. पैसे पोहोचले की बँकेच्या लेखी व्यवहार पूर्ण झाला. नाणं आलं नाही किंवा दुसरंच आलं, ही तक्रार बँक त्या व्यवहारात ऐकत नाही. एनईएफटीचंही तसंच. कार्डाची गोष्ट वेगळी: माल मिळाला नाही किंवा वर्णनाप्रमाणे नाही, तर ‘चार्जबॅक’ची, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत मिळण्याची, मागणी करता येते. त्याला मुदत असते आणि पुरावे लागतात, हमी काहीच नाही, पण दार तरी उघडं असतं. म्हणून अनोळखी लिलावगृहाशी पहिला व्यवहार छोटा करा आणि क्रेडिट कार्डाने करा. ‘आम्ही कार्ड घेत नाही’ असं सांगणारे सगळे लबाड नसतात, लहान व्यापाऱ्यांना कार्डाचा खर्च जड जातो. अशा वेळी त्या माणसाला ओळखणारा संग्राहक शोधा. आपल्या शहरात तो सापडतोच.

खात्याचं नाव वाचायची सवय मात्र सगळ्यांनीच लावून घ्यावी. 1 एप्रिल 2025 पासून एनईएफटी-आरटीजीएस करतानाही लाभार्थीचं नाव आधी बघायची सोय बँकांनी द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलं आहे. यूपीआयमध्ये पिन टाकण्याआधी नाव दिसतंच. बिलावर लिलावगृहाचं नाव आणि स्क्रीनवर भलत्याच एका माणसाचं नाव, असं दिसलं की तिथेच थांबा. ‘ते आमच्या अकाउंटंटचं खातं आहे’, ‘कंपनीच्या खात्याचं ऑडिट चालू आहे’ ही उत्तरं मी इतक्यांदा ऐकली आहेत की आता ती ऐकताच फोन ठेवायला सांगते.

कमिशन वाचवायला बाहेर व्यवहार करणं

लिलाव हरल्यावर दोन दिवसांनी मेसेज येतो: पहिल्या बोलीदाराने माघार घेतली, तुमच्याच बोलीला वस्तू देतो, फक्त साइटवर नको, थेट पैसे पाठवा. हरलेल्या माणसाला ही बातमी गोड लागते आणि नेमका तोच फायदा घेतला जातो. दुसऱ्या बोलीदाराला संधी देण्याची पद्धत खरी आहे, पण तो प्रस्ताव तुमच्या साइटवरच्या खात्यात दिसायला हवा. तिथे दिसत नसेल तर तो खोटा समजा.

याच्याच जोडीला खोटी एस्क्रो साइट येते, म्हणजे माल पोहोचेपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या मध्यस्थाचं सोंग. विक्रेता म्हणतो, ‘तुमचा माझ्यावर विश्वास नाही ना, मग पैसे मध्यस्थाकडे ठेवू.’ ऐकायला अगदी रास्त वाटतं. पण मध्यस्थाची लिंक त्यानेच दिलेली असते आणि ती साइटही त्याचीच असते. मध्यस्थ निवडायचा तर तो तुम्ही शोधलेला हवा.

विकणाऱ्यांची चूक: पैसे घेताना पिन टाकणं

विकणारा फसत नाही, असा एक समज आहे. लोकमान्य नगरातल्या एका काकूंनी घरातलं जुनं शिलाई मशीन ऑनलाइन विकायला ठेवलं होतं. अर्ध्या तासात फोन आला. बोलणारा म्हणाला, मी फौजी आहे, महूला पोस्टिंग आहे, मशीन बायकोसाठी हवंय. घासाघीस नाही, फोटोबद्दल एकही प्रश्न नाही. वर्दीतला फोटो आणि ओळखपत्र व्हॉट्सॲपवर आलं. मग क्यूआर कोड आला आणि त्यापाठोपाठ फोन: ‘आंटीजी, बस स्कॅन करके पिन डाल दीजिए, पैसा आपके खाते में आ जाएगा.’ काकूंनी स्कॅन केलं. स्क्रीनवर रक्कम दिसली आणि खाली पिनची चौकट. रक्कम बरोबर होती, म्हणून त्यांना शंका आली नाही. शेजारी बसलेल्या भाच्याने विचारलं, “मावशी, पैसे घ्यायला पिन कशाला लागतो गं?” आणि फोन तिथेच ठेवला गेला.

भाच्याचा प्रश्न हाच सगळा नियम आहे. पिन फक्त पैसे देण्यासाठी असतो. 1 ऑक्टोबर 2025 पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला यूपीआयवर पैशांची मागणी पाठवण्याची सोय बंद झाली, आणि त्यामुळे आता धोका टळला असं अनेकांना वाटतं. क्यूआर कोडचा मार्ग तसाच चालू आहे. महूची छावणी आपल्या शेजारी असल्याने फौजीची गोष्ट इंदुरात पटकन पटते, हेही त्या चोरांना ठाऊक असतं.

पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आणि ‘जमा झाले’ असा साध्या मोबाइल नंबरवरून आलेला एसएमएस, दोन्ही बनवता येतात. वस्तू हातातून जाण्याआधी बँकेचं ॲप उघडून शिल्लक स्वतः बघा.

जुनी नोट किंवा नाणं लाखाला घेतो, आधी नोंदणी शुल्क भरा, अशा जाहिरातींबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण त्यात वयस्क मंडळी फार फसतात. रिझर्व्ह बँकेने 4 ऑगस्ट 2021 रोजी स्पष्ट केलं आहे की ती अशा व्यवहारात पडत नाही, शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि तिच्या नावाने ते घेण्याचा अधिकार तिने कुणाला दिलेला नाही. शंभर वर्षांहून जुनं नाणं परदेशी गिऱ्हाईक मागत असेल तर दाम कितीही असो, नाही म्हणा. 1972 च्या पुरावस्तू कायद्याने ते देशाबाहेर पाठवता येत नाही.

पैसे कापले गेले, पण पोचले नाहीत

यात घाबरून पुन्हा पैसे भरणं ही पहिली चूक. गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधणं ही दुसरी, आणि ती फार महाग पडते, कारण तिथले कित्येक नंबर चोरांनीच टाकलेले असतात. मदत ॲपच्या आतून किंवा कार्डामागच्या नंबरवरूनच घ्या.

रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमानुसार यूपीआयने व्यक्तीला पाठवलेली रक्कम जमा झाली नाही, तर ती दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवी. दुकानदाराला किंवा कंपनीला केलेल्या पेमेंटसाठी ही मुदत 5 दिवसांची आहे. त्यापुढे दर दिवसाला 100 रुपये भरपाई बँकेने स्वतःहून द्यायची असते. दरम्यान लिलावगृहाला व्यवहाराचा क्रमांक कळवा आणि मुदत वाढवून मागा. हा क्रमांक यूपीआयमध्ये 12 अंकी असतो, एनईएफटीत 16 अक्षरांचा आणि आरटीजीएसमध्ये 22 अक्षरांचा. लेखी कळवलं असेल तर चांगली लिलावगृहं बोली रद्द करत नाहीत. बँकेने 30 दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तीही फुकट.

बँकेने लिलावात काढलेलं घर

इथे चूक लाखांची होते. अनामत रक्कम बँकेने सांगितलेल्या खात्यात मुदतीआधी जमा व्हावी लागते आणि त्याशिवाय बोलीच लावता येत नाही. जिंकलात तर किमतीचा 25 टक्के भाग, अनामत धरून, त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरायचा असतो. उरलेली रक्कम विक्री कायम झाल्यापासून 15 दिवसांत भरायची, लेखी मुदतवाढ मिळाली तर तीन महिन्यांपर्यंत. गृहकर्ज मंजूर होईल या भरवशावर बोली लावू नका. कर्ज अडकलं म्हणून भरलेले 25 टक्के सोडवता येत नाहीत. भरलेली ही पूर्ण रक्कम जप्त करणं योग्य असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये म्हटलं आहे. खातं क्रमांक एजंटच्या मेसेजमधून घेऊ नका. लिलावाची नोटीस घेऊन त्या बँकेच्या शाखेत जा आणि अधिकृत अधिकाऱ्याकडूनच पडताळून घ्या.

फसल्यावर गप्प बसणं

लोक काय म्हणतील या विचारात रात्र जाते आणि तेवढ्यात पैसे चार खाती फिरून काढले जातात. लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, रकमेचा व्यवहार क्रमांक आणि वेळ सांगा, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार पूर्ण करा आणि बँकेलाही लेखी कळवा. पैसे पुढच्या खात्यात थांबलेले असतील तर ते रोखता येतात.

याची दुसरी बाजू प्रामाणिक विक्रेत्याला सोसावी लागते. तुमचं नाणं घेणाऱ्याने दुसऱ्या कुणाला फसवून आलेले पैसे तुम्हाला दिले, तर काही आठवड्यांनी तुमच्या खात्यावर होल्ड लागतो, म्हणजे पैसे काढता येत नाहीत, आणि तक्रार दूरच्या राज्यातली असते. म्हणून बोली एकाच्या नावावर आणि पैसे दुसऱ्याच्या खात्यातून आले, तर माल पाठवू नका, रक्कम त्याच खात्यात परत करा. होल्ड लागलाच तर बँकेकडून तक्रारीचा क्रमांक आणि पोलीस ठाण्याचं नाव लेखी मागून घ्या. त्या ठाण्याला ईमेलने बिल, लिलावाची नोंद, कुरिअरची पावती आणि खरेदीदाराशी झालेलं बोलणं पाठवा, एक प्रत बँकेला द्या. अडकलेली रक्कम छोटी असेल तर संपूर्ण खातं न गोठवता तेवढ्याच रकमेवर होल्ड ठेवावा, अशी विनंती त्याच अर्जात करा.