कॅन्सरची ट्रीटमेंट संपली, आता बिलांचं काय करायचं?

शेवटची केमो झाली की सगळे म्हणतात सुटलात एकदाचे, पण खर्च कुठे सुटतो, फॉलोअप, स्कॅन, गोळ्या चालूच.

सगळ्यात आधी सगळे कागद एका फाईलमध्ये तारखेप्रमाणे लावा, डिस्चार्ज कार्ड, बायोप्सी रिपोर्ट, ओरिजिनल बिलं, आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कारण थर्मल पेपरवरची पावती काही महिन्यांत कोरी होते. मेडिक्लेम असेल तर डिस्चार्जनंतरच्या तपासण्या आणि औषधं पण क्लेम होतात, बऱ्याच पॉलिसीत 60 किंवा 90 दिवसांपर्यंत, हे एजंट स्वतःहून सांगेलच असं नाही. आणि प्रीमियम कितीही जड वाटला तरी पॉलिसी बंद पडू देऊ नका, कॅन्सरनंतर नवीन मिळवणं म्हणजे डोक्याला ताप!

पुन्हा अ‍ॅडमिट व्हायची वेळ आली तर पैसे भरायच्या आधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलमधल्या योजनेच्या मदतनिसाला गाठा, योजना कॅशलेस आहे, आधी भरून मग मागू असं इथे चालत नाही. ब्रेस्ट कॅन्सरनंतर टॅमोक्सिफेन ही गोळी बऱ्याच जणींना 5 वर्षं तरी घ्यावी लागते, तिचं जेनेरिक, म्हणजे तेच औषध बिनब्रँडचं, चालेल का हे डॉक्टरांना सरळ विचारा, लाजायचं काय त्यात. चेकअपला लांब जाणाऱ्यांना रेल्वेत सवलत मिळते, त्याचा फॉर्म हॉस्पिटलकडून भरून घ्यायचा. उरलेल्या बिलासाठी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जा, तिथे मदत करणाऱ्या ट्रस्टची यादी असते, नुसतं बिलिंग काउंटरवर भांडून काही होत नाही.