एचेवेरिया सडतंय, लांबतंय, सुरकुततंय? या चुका टाळा

एचेवेरिया, म्हणजे गुलाबासारखी रचलेली जाड, गरदार पानं असलेलं छोटं झाड, घेतलं की सगळे एकच सल्ला देतात, पाणी कमी घाल. मग लोक रोज दोन चमचे पाणी घालतात, वर स्प्रे मारतात आणि तरी झाड जातं. खरा घोळ मातीत असतो हो. हे झाड मूळचं मुख्यतः मेक्सिकोच्या डोंगराळ भागातलं, तिथे खडकाळ जमिनीत पाणी थांबतच नाही. आणि आपल्याकडे नर्सरीवाले बऱ्याचदा कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) लावून देतात, जे वरून सुकं दिसतं पण मुळांपाशी गच्च ओलं असतं.

म्हणून आणल्यावर थोड्या दिवसांत जुनं कोकोपीट हलक्या हाताने झाडून नव्या मिक्समध्ये रिपॉट करा, एक भाग कंपोस्ट आणि दोन भाग जाड रेती, परलाईट (पांढरे हलके सच्छिद्र खडे) किंवा विटांचे बारीक तुकडे. बारीक वाळू नको, ती घट्ट बसते. कुंडी मातीची आणि खाली भोक हवंच, ते काचेचे बाउल इन्स्टावर छान दिसतात तेवढंच. पाणी द्यायचं ते भोकातून बाहेर येईपर्यंत, पण नंतर माती पूर्ण सुकल्याशिवाय पुन्हा नाही. शंका असेल तर अगरबत्तीची काडी तळापर्यंत खुपसून बघा, ओली आली तर थांबा.

आता सगळ्यात जास्त झाडं कशात जातात, तर पानं सुरकुतली की लोक तहान समजून पाणी ओततात. आधी माती बघा! सुकी असेल तर खरंच तहान आहे, पाणी दिल्यावर काही दिवसांत पानं भरतात. पण माती ओली असून पानं मऊ, किंवा पिवळट पारदर्शक होऊन हात लावताच गळतायत, तर मुळं सडलीत. तेव्हा झाड उपटून स्वच्छ ब्लेडने खोड वर वर कापत जा, काप आतून स्वच्छ दिसेपर्यंत, काळा-तपकिरी डाग जरासुद्धा नको. मग वरचा भाग चार-पाच दिवस सावलीत नुसता ठेवा, काप सुकला की कोरड्या मिक्सवर बसवा, मुळं फुटतील. काळेपणा मधल्या कोंबापर्यंत गेला असेल तर चांगली पानं काढून रोपं करायची, बाकी सोडून द्या. सगळ्यात खालचं एखादं पान वाळलं तर ते मात्र नॉर्मल.

झाड लांब होऊन पानं विरळ झाली म्हणजे ऊन कमी पडतंय. लांबलेलं खोड परत आखूड होत नाही, शेंडा कापून नव्याने लावावा लागतो. सकाळचं चार-पाच तास ऊन मिळालं तर मस्त, पण नर्सरीच्या ग्रीन नेटखालचं झाड एकदम मे महिन्याच्या दुपारी गच्चीत ठेवलंत तर पानं भाजतात आणि ते डाग जात नाहीत. टीव्हीशेजारीच ठेवायचं असेल तर सरळ हॉवर्थिया हे दुसरं जाड पानांचं झाड घ्या, ते कमी उजेडात बरंच निभावतं.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात कुंडी छपराखाली आणि वारा लागेल अशी ठेवा, दमट हवेत माती सुकायला खूप वेळ लागतो.

पानांवरची पांढरी पावडर पुसू नका, ते झाडाचंच मेण आहे, पुसलेल्या पानावर ते परत नीट येत नाही. पण पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले तर ते मिलीबग, रस शोषणारी कीड. सर्जिकल स्पिरिट इअरबडवर घेऊन संध्याकाळी फक्त त्यांच्यावर लावा, कुंडी बाकीच्या झाडांपासून लांब ठेवा आणि दर आठवड्याला परत बघा, कारण अंड्यांतून नवीन येतच राहतात.