रुगोसा गुलाबाची लागवड आणि निगा

जपान, कोरिया आणि रशियाच्या पूर्व किनाऱ्यावरील वाळूत खारा वारा सोसत वाढणारा रुगोसा गुलाब उणे ३० अंश सेल्सिअसच्या थंडीतही तग धरतो. नाजूक संकरित गुलाब जोपासण्याची सवय असलेली माणसे त्याची नको तितकी काळजी घेतात आणि तिथेच फसतात. पाने जाड व सुरकुतलेली, खोड काट्यांनी गच्च भरलेले आणि फुलांना लवंगेसारखा दरवळ, ही त्याची ओळख. पहिलेच झाड लावायचे असेल, तर १९०५ सालचा ‘हान्सा’ हा जांभळट लाल, दुहेरी पाकळ्यांचा वाण मी सुचवीन.

जागा निवडताना दिवसाला किमान सहा तास ऊन मिळेल आणि पाणी साचणार नाही, एवढे पाहावे. हलकी, वाळूमिश्रित माती त्याला मानवते. चुनखडीच्या जमिनीत मात्र पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, कारण तिथे मुळांना लोह शोषता येत नाही. सुमारे ४५ सेंटीमीटरचा खड्डा घेऊन त्यात कुजलेले शेणखत मिसळावे आणि कुंपण करायचे असल्यास दोन झाडांत एक मीटर अंतर ठेवावे. पहिले वर्षभर नियमित पाणी द्यावे. पुढे मुळे खोल गेली की पावसाने ओढ दिली तेव्हाच दिले तरी चालते.

औषधफवारणी शक्यतो करूच नये. काळ्या ठिपक्यांच्या रोगाला हा गुलाब सहसा बळी पडत नाही. उलट त्या सुरकुतलेल्या पानांना फवारा सोसत नाही. इतर गुलाबांबरोबर यालाही बुरशीनाशक मारण्याचा उत्साह मी एकदा दाखवला आणि आठवडाभरात पानांच्या कडा करपून तपकिरी झाल्या.

छाटणी हिवाळा सरता सरता, फांद्यांवरचे डोळे, म्हणजे नव्या फुटीचे कोंब, फुगण्यापूर्वी करावी. सगळ्या फांद्यांचे शेंडे सारखे कापत बसण्यापेक्षा सर्वांत जुन्या, राखाडी पडलेल्या फांद्यांपैकी तिसरा हिस्सा जमिनीलगत काढावा, म्हणजे बुंध्यातून नवे धुमारे येतात. जाड हातमोजे अर्थातच हवेत. सुकलेली फुले खुडली तर बहर चालू राहतो, पण हंगामाच्या अखेरीस ती झाडावरच ठेवावीत. त्यांची लहान टोमॅटोएवढी, ‘क’ जीवनसत्त्वाने समृद्ध लाल फळे होतात.

स्वतःच्या मुळांवर वाढवलेले रोप चहूबाजूंना जमिनीखालून फुटवे सोडत पसरते. नको असलेले फुटवे कुदळीने मुळासकट काढावेत आणि झाड सुप्तावस्थेत असताना त्यांतलेच एखादे जोमदार दुसरीकडे लावावे. ते हुबेहूब मूळ झाडासारखेच निघते. कलम केलेल्या रोपाचे फुटवे मात्र खुंटाचे, म्हणजे ज्या दुसऱ्या गुलाबाच्या मुळांवर कलम बांधले त्याचे असतात, त्यामुळे ते दिसताच उपटून टाकावेत.