गाडीवरील अक्षरे काढताना रंग कसा जपावा
डिकीवरील मॉडेलची किंवा व्हेरियंटची अक्षरे काढण्यापूर्वी ती नुसती चिकटवलेली आहेत की पत्र्यातील छिद्रांत खिळ्यांनी बसवलेली आहेत, याची खात्री करून घ्यावी. छिद्रे असतील तर अक्षरे तशीच राहू द्यावीत, कारण ठाण्या-नवी मुंबईच्या पावसाळ्यात आणि खाडीकाठच्या खाऱ्या, दमट हवेत उघड्या छिद्राभोवती गंज लवकर धरतो. नुसती चिकटवलेली अक्षरे हेअर ड्रायरने हळूहळू गरम करावीत आणि त्यांच्या मागून दात साफ करण्याचा फ्लॉस किंवा मासेमारीची नायलॉन दोरी करवतीसारखी पुढे-मागे ओढावी. स्क्रू ड्रायव्हर किंवा ब्लेड मात्र कधीही लावू नये. त्याचा ओरखडा रंगात कायमचा राहतो. उरलेला गोंद अंगठ्याने चोळून सोडवावा, डाग राहिल्यास आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, थिनर टाळावा. जुन्या गाडीवर अक्षरांखालचा रंग उन्हापासून वाचलेला असल्याने त्यांची पुसट आकृती दिसते, ती पॉलिशने बरीच कमी होते.

पुढे संपूर्ण गाडीचा रंग बदलण्याचा विचार असेल, तर नोंदणी प्रमाणपत्रावर रंगाचीही नोंद असते, त्यामुळे आधी आपल्या आरटीओची परवानगी घ्यावी.