डांबर आणि तांबडी माती, दोन्हींसाठी एकच बाईक: गोव्यात ड्युअल-स्पोर्ट कशी निवडावी

ड्युअल-स्पोर्ट म्हणजे नंबरप्लेट, आरसे, इंडिकेटर लावून हायवेवर चालणारी आणि कच्च्या वाटेवर उतरवली तरी कुरकुर न करणारी गाडी. शोरूममध्ये मात्र उंच हँडल आणि पुढे चोच काढलेलं मडगार्ड दिसलं की तिला अ‍ॅडव्हेंचर म्हणतात. त्या गर्दीतून आपली गाडी निवडायची तर माझा क्रम असा: आधी वजन, मग सीटची उंची, मग चाकं. सीसी सगळ्यांत शेवटी. बहुतेकजण नेमके उलट्या टोकाने सुरू करतात.

आधी फिरण्याचा हिशेब मांडा

गाडी रोज कुठे जाणार ते प्रामाणिकपणे लिहून काढा. फोंड्याहून पणजीला कामाला जाणारा माणूस मातीत उतरतो तो फार तर रविवारी. तेव्हा चालवायला मिळतं काय, तेही बघा. किनाऱ्यावर गाडी घालणं गोव्यात बेकायदा आहे, जाहिरातीत काहीही दाखवू देत. म्हादई, नेत्रावळी, भगवान महावीर ही अभयारण्यं आहेत, तिथल्या जंगलवाटा आपल्यासाठी नाहीत. दूधसागरच्या धबधब्याकडे जाणारी जंगलवाटही खाजगी गाड्यांना बंद, तिथे कुळेहून जीपच जाते. खाणीचे रस्ते खाणवाल्यांचे. मग उरतं ते गावातल्या पाणंदी, सड्यावरच्या (डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारावरच्या) वाटा आणि भाटकाराला (जमीनमालकाला) विचारून काजूच्या बागांतले चढ. या वाटा छोट्या, अरुंद आणि उभ्या असतात. तिथे पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वर जायची वेळ क्वचित येते, त्यामुळे चाळीस हॉर्सपॉवर असून तिथे फारसं काही साधत नाही.

मग वजन उचलून बघा

कावासाकी केएलएक्स 230 साधारण 139 किलो, हीरो एक्सपल्स 210 साधारण 170 आणि रॉयल एनफिल्ड हिमालयन 450 तब्बल 196 किलो. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. काजूच्या उतारावर गाडी आडवी झाली, सोबत कोणी नाही आणि पायाखाली ओला पाचोळा, तेव्हा तो कळतो.

आडवी गाडी उचलायची रीत अशी. इंजिन बंद करा आणि गाडी गिअरमध्ये असू द्या. ती उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवा, नाहीतर उभी केलेली गाडी पलीकडे जाऊन पडते. हँडल जमिनीकडच्या बाजूला पूर्ण वळवा. गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला बूड टेकवा, एका हाताने हँडलची खालची मूठ आणि दुसऱ्या हाताने मागची चौकट पकडा आणि छोटी छोटी पावलं टाकत मागे रेटा. जोर पायांचा, कमरेचा नव्हे. मित्राची गाडी गवतावर हळूच आडवी करून हे एकदा करून बघा. तीनदा लागोपाठ जमलं नाही, तर ती गाडी एकट्याने कच्च्या वाटेवर न्यायची नाही.

सीटची उंची

हिमालयनची सीट 825 मिलिमीटरवर, एक्सपल्स 210 ची 830 वर, केएलएक्सची 880 वर. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. सीट अरुंद असेल तर पाय सरळ खाली जातो, रुंद असेल तर फाकतो. जे बूट घालून चालवणार तेच घालून बसा. जांभ्याचे सुटे गोटे पायाखाली गोट्यांसारखे घरंगळतात आणि पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं. तिथे नुसती बोटं टेकून गाडी सावरत नाही. निदान एक तळवा तरी पूर्ण टेकायला हवा. मग फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभं राहून बघा. हँडल धरायला कमरेत वाकावं लागत असेल तर हँडल उंच करायचा खर्च धरून ठेवा.

चाकं, टायर आणि चिखल

पुढचं चाक 21 इंची आणि तारांचं असेल तर गाडी खड्ड्यांवरून, दगडांवरून सुखाने जाते. मागे 18 इंची असेल तर मातीचे टायर जास्त मिळतात. सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्सला पुढे 19 इंची अलॉय आहे. तुमचं नव्वद टक्के फिरणं डांबरावर असेल तर ती उत्तम, मातीत मात्र तिच्याकडून जेमतेम अपेक्षा ठेवा.

तारांच्या चाकात बहुधा ट्यूब असते. सत्तरी-सांगेच्या आतल्या भागात रविवारी पंक्चरवाला शोधणं म्हणजे नशिबाची परीक्षा. जादा ट्यूब, टायर काढायचे दोन लिव्हर आणि पंप सोबत हवाच. पुढचं मडगार्ड टायरला चिकटून असेल तर तांबडा चिखल मध्ये भरून चाक अडतं, म्हणून उंच मडगार्ड नुसतं शोभेचं नाही. मागच्या चाकाचा एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंद करता येतो का, तेही विचारा. सुट्या मातीच्या उतारावर तो मध्येच ब्रेक सोडतो.

हायवेचा कस

आता चोर्ला घाटातून बेळगाव किंवा एनएच-66 वरून सावंतवाडी. ताशी 80 च्या वेगात आरसे थरथरतात का, पुढचा ट्रक ओलांडायला दम उरतो का, ते बघा. जोडीदार कायम मागे बसणार असेल तर हिमालयनचं वजन इथे वसूल होतं. टाकी विसरू नका: केएलएक्सची 7.6 लिटर, केटीएम 390 एंड्युरो आरची 9, हिमालयनची 17.

बहुतेक गोवेकरांना माझं उत्तर एक्सपल्सच्या वर्गातली गाडी हेच असेल. त्यात दिमाख नाही, पण रोजचं काम आणि रविवार दोन्ही भागतात.

भाड्याने घ्या, मग विकत

गोव्यात ही मोठी सोय आहे. हिमालयन आणि एक्सपल्स भाड्याने मिळतात. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच गाडी घ्या, खाजगी पाटीची भाड्याने देणं बेकायदा आहे. कराराची अट वाचा, कच्च्या रस्त्यावरचं नुकसान बहुधा तुमच्याच माथी येतं. खराब डांबर, घाट आणि भर पणजीतली वाहतूक एवढ्यावरच पारखा.

जुनी घेत असाल तर

किनारपट्टीची खारी हवा लोखंड खाते. तारांची टोकं, सायलेन्सरचा सांधा, टाकीचा तळ टॉर्चने बघा. पुढच्या शॉकच्या नळ्यांवर बोट फिरवा, तेल लागलं तर सील गेलंय. मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवा. खडखड आली तर बेअरिंग किंवा स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश संपलेत.

सावंतवाडी-बेळगावकडची गाडी स्वस्त मिळत असेल तर तिकडच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) हातात येईपर्यंत पूर्ण पैसे मोजू नका. दुसऱ्या राज्यातली गाडी इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर गोव्याचा नंबर घ्यावा लागतो आणि इथला रोड टॅक्स भरावा लागतो. तो किंमतीत मिळवूनच घासाघीस करा.