आंब्याजवळच्या वाफ्यात भाजी येत नाही? पावसाआधी एवढं करा

कोकणात घरामागे आंबा नाहीतर फणस आणि त्याला लागून भाजीचा गादीवाफा, हे ठरलेलंच. पहिल्या वर्षी मिरची-वांगी झकास येतात, मग पुढे रोपं वीतभर होऊन तिथंच थांबतात आणि आपण म्हणतो खत कमी पडलं, टाक अजून दोन पाट्या शेणखत. अहो पण ते खातंय कोण ते आधी बघा ना. झाडाच्या बाजूने खुरपं घालून एक ढेकूळ उचला, आत केसासारख्या तपकिरी मुळ्यांचं जाळं दिसलं तर तुमचं खतपाणी आंब्याला चाललंय. झाडाची अन्न घेणारी मुळं बरीचशी वरच्या फूट-दोन फुटातच असतात, ओली भुसभुशीत माती मिळाली की खालून वाफ्यात चढतात. तळाला पुठ्ठा, गोणपाट घालून उपयोग नाही, ते कुजून जातं.

म्हणून पावसाआधी झाड आणि वाफा यांच्यामध्ये दीड-दोन फूट खोल चर मारा, खोडापासून जमेल तितका लांब आणि एकाच बाजूला. बारीक मुळं तोडा, मनगटाएवढं मूळ लागलं तर चर सरकवा, ते तोडायचं नाही. चरात जुना पत्रा उभा करून माती लोटा. फुटावरच कातळ लागला तर विषय सोडा, विटांवर ग्रो बॅग ठेवा.

आता माती. जांभ्याची माती मुळात आम्ल, त्यात आपला पाऊस चुना-पालाश धुवून नेतो. 10 बाय 4 फुटाच्या वाफ्याला चुलीची चाळलेली राख दोन ओंजळी पुरे, युरियाबरोबर मात्र नको, नत्र उडून जातं. चुना टाकायचा असेल तर माती तपासूनच.

या पावसाळ्यात त्या वाफ्यात भाजीचा हट्ट नको. पहिल्या पावसावर हिरवळीच्या खतासाठी मूठभर तागाचं बी फेका, 40-45 दिवसांनी फुलं यायच्या आत कापून तिथंच गाडा (फुलावर गेला की दांडा चिवट होतो, लवकर कुजत नाही), वर पंधरा दिवस जाऊ द्या. गणपतीच्या सुमारास माती हाताला मऊ लागेल, मग शेणखत घालून लाल माठ, मुळा घ्या.

आंब्याचा पाला कच्चा मातीत मिसळू नका, कुजताना तो मातीतलं नत्र ओढतो आणि रोपं पिवळी पडतात. वर आच्छादन म्हणून पसरा, नाहीतर शेणकाला शिंपडून वेगळा ढीग लावा. आणि ऊन पाच-सहा तास मिळत नसेल तर वांगी-मिरची विसरा, तिथं अळू आणि हळद लावा.