घरातल्या प्रत्येकाच्या दातांची नोंद अशी ठेवा

आगीनंतर किंवा मोठ्या अपघातानंतर बाकी काही ओळखू येत नाही, तेव्हाही दात बहुधा शाबूत राहतात. पण ताळा करायला जुनी नोंदच नसेल, तर त्यांचा काय उपयोग? म्हणून माझ्या दवाखान्यात येणाऱ्या घरांना मी एक वही करायला सांगते.

आधी क्रमांक. वरचा उजवा भाग १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४. प्रत्येक भागात मधल्या रेषेपासून मागे १ ते ८ मोजा. वरची उजवी पहिली मोठी दाढ म्हणजे १६. उजवं-डावं ज्याचं तोंड त्याचं धरायचं, बघणाऱ्याचं नाही.

मग मोबाइलचा टॉर्च लावून १६ आणि २६ नीट बघा. टाळूच्या बाजूला, पुढच्या टोकाच्या अंगाला कुणाला नुसती खाच असते, कुणाला बारीक खड्डा, तर कुणाला चक्क जादा टोक. मोठं असेल तर जिभेलाही लागतं. याला कॅराबेलीचं टोक म्हणतात. ते आहे की नाही, केवढं आहे, दोन्हीकडे सारखं आहे का, हे लिहा. जमलं तर चित्र काढा.

वरच्या पटाशीच्या दातांची मागची बाजू बघा. कडा उचललेल्या आणि मध्ये खोलगट असेल तर 'फावड्याच्या आकाराचे' अशी नोंद करा. पूर्व आशियातल्या लोकांत आणि अमेरिकेच्या मूळ रहिवाशांत असे दात पुष्कळ आढळतात. पण एवढ्यावरून एखाद्या माणसाचं मूळ ठरवू नका.

फट, वळलेला दात, उडालेला टवका, न आलेली अक्कलदाढ हेही टिपा. 'चांदी भरली' एवढंच पुरत नाही. '३६, चांदी, चावायच्या बाजूला' असं हवं. एक्स-रे टाकून देऊ नका. मुळांचं वळण आणि भरलेल्या चांदीची कड त्यात दिसते, आणि ओळख पटवताना तीच जुळवून पाहतात. दात दिसतील असा हसरा फोटोही ठेवा.

चावल्याच्या खुणेवरून माणूस ओळखण्यावर मात्र माझा भरवसा नाही. कातडी ताणली जाते, सुजते. अमेरिकेत रे क्रोनला १९९२ साली अशाच पुराव्यावर दोषी ठरवून फाशीची शिक्षा सुनावली. २००२ साली डीएनए चाचणीमुळे तो सुटला.

प्रत्येक उपचारानंतर वहीत तारीख घालून भर टाका आणि एक प्रत दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवा.